लेखाशीर्ष मागा : दिव्यांग मुलांच्या केंद्रासाठी बोलायला उभ्या राहणाऱ्या आयांना

प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका वस्तीत बौद्धिक दिव्यांग आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३४ मुलांसाठी दिवसभराचं केंद्र चालतं. बहुतेक आया घरकाम करतात, मुलं केंद्रात असतात म्हणूनच त्यांना कामावर जाता येतं. केंद्राला पैसा देणाऱ्या कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, मार्चअखेर थांबतोय. महिन्याचा खर्च १ लाख ३६ हजार रुपये आहे. पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या नागरिकांच्या बैठकीत या आयांना बोलायला तीन मिनिटं मिळणार आहेत. त्यांच्यातल्या एका ताईंनी विचारलंय : काय बोलायचं, कुणी बोलायचं, मुलांना न्यायचं का, आणि ऐकलं नाही तर मोर्चा काढायचा का?

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं भाषणाचं टिपण दोनदा वाचलं. त्यात संस्था कधी स्थापन झाली ते आहे, मिळालेले पुरस्कार आहेत, कंपनीचे आभार आहेत, आणि शेवटी 'तरी कृपया मदत करावी ही नम्र विनंती' अशी ओळ आहे. मी या शेवटच्या ओळीपाशीच थांबले. तीस वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम केलं, त्यात अशी ओळ असलेली निवेदनं मी स्वतः शेकड्याने लिहिली आहेत. मदत मागितली की मदतच मिळते, आणि ती एकदाच मिळते. कुणी वह्या वाटतं, कुणी दोन व्हीलचेअर देतं, फोटो निघतो, आणि एप्रिलमध्ये बाईंचा पगार थकलेला तो थकलेलाच राहतो. तुम्हाला हवं आहे ते महापालिकेच्या अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष.

हा शब्द तुमच्या सगळ्या आयांना तोंडपाठ व्हायला हवा, म्हणून जरा सविस्तर सांगते. अंदाजपत्रकाच्या जाडजूड पुस्तकात प्रत्येक खर्चाला एक नाव आणि एक संकेतांक असतो. त्याला लेखाशीर्ष म्हणतात. ज्या कामाला नाव नाही, त्याला पैसा नाही. समोरचा अधिकारी मनातून कितीही तुमच्या बाजूचा असला, तरी नसलेल्या लेखाशीर्षावर त्याला सही करता येत नाही. 'बघतो, करतो, वर पाठवतो' ही उत्तरं दरवेळी टाळाटाळीची नसतात. पुष्कळदा त्याच्यापुढे सही करायला कागदावर जागाच नसते. एकदा का नाव पुस्तकात आलं, की पुढच्या वर्षी ते काढून टाकायला कुणाला तरी कारण द्यावं लागतं. आज कारण तुम्हाला द्यावं लागतंय, तेव्हा ते त्यांना द्यावं लागेल.

लेखाशीर्षातही दोन जाती आहेत आणि तुमच्यासारखी केंद्रं तिथेच अडकतात. भांडवली खर्च म्हणजे इमारत, रस्ता, शेड, यंत्रं. महसुली खर्च म्हणजे पगार, भाडं, औषधं, जेवण, म्हणजे दर महिन्याला लागणारा पैसा. भांडवली कामाला कोनशिला बसते, उद्घाटन होतं, नाव लागतं. महसुली खर्चाला काहीच लागत नाही. फिजिओथेरपिस्ट आणि मावशींच्या पगाराचं उद्घाटन कोण करणार? म्हणून 'आम्ही तुम्हाला मोठं केंद्र बांधून देतो' असं कुणी म्हणालं तर आनंद जरूर माना, पण लगेच विचारा की त्यात काम कोण करणार आणि त्यांचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून येणार. बांधून वर्षानुवर्षं कुलूप लागलेल्या समाजमंदिरांचं उदाहरण तुमच्याच आसपास असेल. तिथे उभं राहून बोललात तर वेगळा पुरावा लागणार नाही.

आता वेळेचं. बहुतेक लोक बोलतात ते अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पेपरात 'सामाजिक कामांना कात्री' अशी बातमी वाचून. तोवर गाडी निघून गेलेली असते. खात्यांकडून आपापल्या मागण्या गोळा होतात त्या साधारण पावसाळा संपल्यावर. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समितीचे १६ सदस्य त्यात फेरफार करतात, मग ते मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे जातं. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवक नव्हते, सगळं प्रशासकाच्या हाती होतं, त्यामुळे या पायऱ्या कशा असतात हेच पुष्कळ वस्त्या विसरून गेल्या. तुम्ही दिवाळीनंतर लगेच विचारताय, म्हणजे अजून उशीर झालेला नाही. पण पुढच्या आठवड्यातली बैठक ही पहिली पायरी आहे. तिथे निर्णय होणार नाही. तिथून एक शिफारशीचा कागद निघायला हवा, एवढंच त्या बैठकीचं काम.

आणखी एक समजून घ्या. खेड्यात ग्रामसभेत उभं राहून बोलण्याचा हक्क आहे, तसा हक्क शहरातल्या माणसाला मुख्य सभेत नाही. तिथे आपण प्रेक्षक सज्जात बसतो. क्षेत्रसभा, म्हणजे आपापल्या भागातल्या मतदारांची सभा, कायद्यात आहे, पण बहुतेक पुणेकरांनी ती भरलेली पाहिलेली नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून मुख्य सभेत तुमच्या वतीने बोलणारा नगरसेवक आत्तापासून तयार करावा लागतो. प्रभागातल्या एकाच नगरसेवकाला धरून बसू नका, सगळ्यांकडे जा, वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर उत्तमच. आणि त्यांना 'स' यादीतून पैसे मागू नका. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ती यादी बाक, पेव्हिंग ब्लॉक, पाट्या असल्या कामांसाठी ठीक आहे. त्यावर पगार चालत नाहीत, आणि पुढच्या वर्षी ती यादी कोरी होते.

तुम्ही सहभागी अंदाजपत्रकाबद्दल, म्हणजे नागरिकांनी आपल्या भागातली कामं सुचवायच्या पद्धतीबद्दलही लिहिलंय. पुण्यात ते २००६ साली सुरू झालं आणि त्याचा आपल्याला अभिमान असायला हवा. पण त्यात एका कामाची मर्यादा ५ लाखांची आणि कामं बहुतेक बांधकामाची. केंद्राच्या दारात उतार, मुलांना वापरता येईल असं स्वच्छतागृह, दाराशी दिवा, एवढं त्यातून मागा. त्याचे अर्ज पावसाळ्याच्या अखेरीला घेतले जातात, म्हणजे यंदाचे संपले असतील. पुढच्या ऑगस्टसाठी वहीत लिहून ठेवा. केंद्र चालवण्याचा खर्च तिथे शोधू नका.

तो खर्च मागायला तुमच्याकडे भक्कम आधार आहे, आणि तुमच्या टिपणात त्याचा उल्लेखही नाही. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. महापालिकाही यात आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यातलं कलम २४ सामाजिक सुरक्षेचं आहे आणि जास्त आधाराची गरज असणाऱ्यांच्या सांभाळासाठी भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे तुम्ही कुणाच्या दयेवर उभ्या नाही. ठरलेल्या ताटातला ठरलेला वाटा विचारताय. हे एकदा मनात बसलं की आवाज आपोआप बदलतो. 'कृपया' हा शब्द तसाच ठेवा, सभ्यपणा सोडायचं कारण नाही. फक्त हात जोडलेले नकोत, हातात कागद हवा.

आता एक कडू गोष्ट. ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. महापालिका 'तुमच्या संस्थेला' पैसे उचलून देऊ शकत नाही. सार्वजनिक पैसा आहे. प्रस्ताव मागवावे लागतात, जाहिरात द्यावी लागते, निकष लावावे लागतात, करार करावा लागतो. तुम्ही सेवा मागितलीत आणि ती मंजूर झाली, तर ती चालवायचं काम दुसऱ्या संस्थेकडेही जाऊ शकतं. संस्थेच्या लोकांना हे ऐकायला जड जाईल, त्यांनी आठ-दहा वर्षं जीव ओतलाय. तरीही तुम्ही बोलायला उभ्या राहाल तेव्हा 'अमुक संस्थेला निधी द्या' असं म्हणू नका. 'या भागातल्या दिव्यांग मुलांना दिवसकेंद्राची सेवा द्या' असं म्हणा. पहिल्या वाक्यावर अधिकाऱ्याच्या मनात लगेच शंका येते की यात कुणाचा काय हेतू आहे. दुसऱ्यावर ती येत नाही. संस्थेने मधल्या काळात नोंदणी, लेखापरीक्षण, मुलांच्या हजेरीची नोंद, कर्मचाऱ्यांची पात्रता हे सगळे कागद असे ठेवावेत की जाहिरात निघाली तर तिच्यासारखी दुसरी कुणी सापडू नये. आणि करारात काय हवं तेही आयांनीच आत्ता लिहून ठेवावं : किती मुलांमागे एक मावशी, फिजिओथेरपी आठवड्यात किती दिवस, सुट्ट्या किती. उद्या केंद्र कुणीही चालवलं तरी हे बदलता कामा नये.

आता ती तीन मिनिटं. संस्थेच्या व्यवस्थापकांनी बोलू नये. त्यांच्याकडे माहिती जास्त आहे हे खरं, पण त्यांचा पगार त्या पैशातून येतो आणि ऐकणाऱ्याला ते दिसतं. बोलावं एका आईने. पूर्ण तीन मिनिटं एकीनेच, तिघींनी वाटून नाही, कारण माईक एकीकडून दुसरीकडे जाण्यातच वेळ जातो. मी असते तर असं लिहिलं असतं, तुम्ही तुमच्या खऱ्या गोष्टीने बदला :

'मी सकाळी साडेसातला घर सोडते आणि पाच घरची धुणीभांडी करते. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला हाताने जेवता येत नव्हतं. केंद्रात जायला लागल्यापासून दीड वर्षात तो चमचा धरायला शिकला. हे केंद्र ३१ मार्चला बंद होतंय. बंद झालं तर मला तीन घरं सोडावी लागतील, नाहीतर त्याला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावावी लागेल. केंद्रात अशी ३४ मुलं आहेत. एका मुलाचा महिन्याचा खर्च ४ हजार रुपये, म्हणजे कामाच्या दिवसाला १६० रुपये. वर्षाचा सगळा मिळून १६ लाख ३२ हजार. महापालिकेच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी आहे. आमची मागणी एकच आहे. येत्या अंदाजपत्रकात वस्ती पातळीवर दिव्यांग दिवसकेंद्र चालवण्यासाठी महसुली लेखाशीर्ष असावं आणि त्यात आमच्या भागासाठी वर्षाला निदान १६ लाख ३२ हजारांची तरतूद असावी. या कार्यालयाने तसा प्रस्ताव शिफारशीसह समाज विकास विभागाकडे पाठवावा. कोणत्या तारखेपर्यंत पाठवणार ते आज सांगावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. हे आमचं निवेदन. याची पोच द्यावी.'

एवढंच. संथपणे म्हटलं तरी दोन मिनिटांच्या आसपास होतं. उरलेला वेळ मोकळा ठेवा, कारण मधेच कुणाचा तरी फोन वाजतो, कुणीतरी उठून जातं, आणि बोलणारीचा धीर सुटतो. चमच्याचं वाक्य काढू नका. 'सर्वांगीण विकास', 'सक्षमीकरण' हे शब्द मी मुद्दाम घातलेले नाहीत. त्या कार्यालयात ते दिवसातून दहा वेळा कानावर पडतात. चमचा पडत नाही. आणि कडीचं वाक्य ज्या आईवर खरोखर तशी वेळ येणार आहे तिनेच म्हणावं. न घडणारी गोष्ट जोर यावा म्हणून बोलायची नाही, एकदा जरी उलटतपासणीत फुटली की बाकीचं सगळं खोटं वाटायला लागतं.

आकड्यांबद्दल कुणी म्हणालंच की पैसे कुठून आणायचे, तर एक भागाकार करून ठेवा. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. तुमची वर्षाची मागणी त्यात लाख रुपयांमागे साधारण सव्वा रुपया पडते. नव्या वर्षाचा आकडा जाहीर झाला की तो घालून पुन्हा मांडा. हा भागाकार भाषणात घालायचा नाही. प्रश्न आल्यावर उत्तर म्हणून ठेवायचा, तेव्हाच त्याला वजन येतं.

दुसरा प्रश्न हमखास येतो : 'तुम्हाला संजय गांधी निराधारचे पैसे मिळतात ना?' त्याला शांतपणे उत्तर द्या. दिव्यांगांसाठी ते अनुदान महिना २,५०० रुपये झालंय, ते मुलाच्या औषधाला आणि दुधाला लागतं, त्यातून फिजिओथेरपिस्ट ठेवता येत नाही. वैयक्तिक लाभ वेगळा आणि सेवा वेगळी. मात्र हा प्रश्न येण्याआधी ३४ मुलांपैकी किती जणांना ते अनुदान सुरू आहे, किती जणांकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे, नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना कुणाकुणाने घेतलीय याची यादी करा. ज्यांचं अडलंय त्यांच्यासाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे, विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पण केंद्राचा विषय तिथे नेऊ नका. तिथे वैयक्तिक तक्रारी घेतात, धोरणाचा विषय परत पाठवतात आणि तुमचा महिना जातो.

तिसरा प्रश्न : 'हे राज्य सरकारचं काम आहे.' राज्याचंही आहेच. त्यात आपण पुणेकर नशीबवान, समाजकल्याण आयुक्तालय आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय दोन्ही आपल्याच शहरात, चर्च पथावर आहेत. बाकी जिल्ह्यांतल्या आया एसटीने रात्र काढून येतात, तुम्हाला एक पीएमपी बस पुरते. तिथेही निवेदन द्या. पण ५ टक्के महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातले आहेत, त्यामुळे या उत्तराने महापालिका सुटत नाही.

मुलांना न्यायचं का, या प्रश्नावर मला थोडं थांबायचं आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका केंद्रासाठी आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. मी एका नऊ वर्षांच्या मुलीला पुढे बसवलं. तिच्या पायाला आधाराचे कॅलिपर होते, ते दिसावेत म्हणून तिचा फ्रॉक थोडा वर सरकवला. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही. साहेब हळहळले, कुणीतरी तिचा गाल कुरवाळला, फोटो निघाला. एकरकमी थोडे पैसेही मिळाले. परतताना रिक्षात ती मला म्हणाली, 'मावशी, त्यांनी मला नाव नाही विचारलं.' त्यानंतर मी कुठल्याही मुलाला पुढे बसवलं नाही. त्या मुलीला आज स्वतःचा संसार आहे, आम्ही भेटतो. तिने तो विषय कधी काढला नाही, मी काढला आणि माफी मागितली.

तेव्हा मुलांना दाखवायला नेऊ नका. पण तुमच्या केंद्रातली सतरा-अठरा वर्षांची दोन मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना विचारा. त्यांना स्वतःला काही सांगायचं असेल, चित्राने, खुणेने, जसं जमेल तसं, तर ते यायला हवेत आणि त्यांच्यासाठी तुमच्या तीन मिनिटांतला वेळ काढायला हवा. त्यांनी नको म्हटलं तर नको. बैठकीत कुणी मोबाईल काढून फोटो घ्यायला लागलं तर थांबवण्याचं काम आधीच एकीकडे द्या, ऐनवेळी सगळ्याच संकोचतात.

सोबत कुणाला न्यायचं हे मात्र मी नक्की सांगेन. तुम्ही ज्यांच्या घरी काम करता त्या बायकांना. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून शहरात त्यांची संघटना उभी राहिली. त्या वेळी घरमालकीण समोरच्या बाजूला होती. या प्रश्नात ती तुमच्या बाजूला उभी राहू शकते, कारण केंद्र बंद झालं तर तिचंही घर अडतं. सोसायटीतल्या दोघीतिघी नुसत्या मागे येऊन बसल्या तरी पुरे. एकीने सोसायटीच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या तर निवेदनाला जोडा. आणि वस्तीतली अशी एखादी शेजारीण न्या जिचं मूल केंद्रात जात नाही. स्वतःसाठी मागणाऱ्या माणसापेक्षा दुसऱ्यासाठी मागणाऱ्याला लोक जास्त वेळ ऐकून घेतात, हे मी वारंवार पाहिलंय.

या शहराने हे एका मोठ्या उदाहरणातून शिकवलंय. १९९३ साली बाबा आढावांसारख्यांच्या पाठबळाने कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे एका अभ्यासात हिशेब मांडला गेला की एकेक वेचक आपल्या कामाने शहराचे महिन्याला सुमारे २४६ रुपये वाचवते, आणि त्यासाठी तिला महापालिका एक पैसाही देत नाही. आधी लोक त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचे, फार तर हळहळायचे. हिशेब मांडल्यावर बोलणं बदललं. २००२-०३ मध्ये महापालिकेने त्यांचा आरोग्य विमा काढला. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. पुढे त्या कराराच्या नूतनीकरणावरून ओढाताण झाली तेव्हा कितीतरी सोसायट्या त्यांच्या बाजूने बोलल्या, कारण दारात येणारी बाई त्यांना नावाने माहीत होती. हळहळ नाही, हिशेब आणि ओळख या दोन गोष्टींनी ते काम झालं.

तुमचा हिशेब असा मांडा. एका वहीत ३४ आयांची नावं, प्रत्येकीची महिन्याची कमाई, आणि केंद्र बंद झालं तर त्यातली किती जाईल. किती जणी कर्ज फेडताहेत, गटाचा हप्ता भरताहेत, मोठ्या मुलीची शाळा सोडवून तिला भावाला सांभाळायला बसवावं लागेल अशी किती घरं आहेत. हा शेवटचा रकाना विसरू नका. दिव्यांग मुलाचं केंद्र बंद पडतं तेव्हा पुष्कळदा त्याच्या बहिणीची शाळाही बंद पडते, आणि ती कुठल्याच खात्याच्या अहवालात येत नाही. वही बैठकीच्या आधी पूर्ण झाली नाही तर घाई करू नका, अंदाजे आकडे भरू नका. निवेदनात 'पाहणी चालू आहे, महिनाअखेर देतो' असं लिहा आणि खरंच द्या. तेवढ्यासाठी पुन्हा भेटायचं निमित्तही मिळतं.

बैठक झाली की खरं काम सुरू होतं. निवेदनाची एक प्रत आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. बैठकीत हातात दिलेला कागद पुष्कळदा टेबलावरच राहतो. आठवड्याने इतिवृत्ताची प्रत मागा. त्यात तुमचा मुद्दा 'नागरिकांनी विविध समस्या मांडल्या' एवढ्यावर उरकला असेल तर लेखी दुरुस्ती द्या. समाज विकास विभागात समूह संघटिका असतात, त्यांच्याशी नातं जोडा. त्या वस्तीत फिरतात, त्यांना सगळं दिसतं, फक्त त्यांचं ऐकणारं कुणी हवं असतं. तुमचा कागद त्यांच्या हाताला बळ देतो.

मग माहितीचा अधिकार. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयात जाऊन फायली पाहायची सोय पुण्यात वर्षानुवर्षं होती, पुणेकरांना ठाऊक असलेली आणि सगळ्यात कमी वापरली गेलेली. ती आता चालू आहे का ते आधी विचारा. आपल्या महापालिकेत ही पद्धत आधी सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती जिल्हास्तरापासूनच्या कार्यालयांना लागू केली. चालू असेल तर आधी जाऊन बघा, काय मागायचं ते कळेल, मग अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मजकूर असा ठेवा : 'दिव्यांग कल्याणासाठी राखीव ५ टक्के निधीबाबत मागील तीन आर्थिक वर्षांची लेखाशीर्षनिहाय माहिती द्यावी : मूळ तरतूद, वर्गीकरणाने कमी अथवा जास्त केलेली रक्कम, ३१ मार्चअखेर प्रत्यक्ष खर्च.' ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील.

यातला 'वर्गीकरण' हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करा. एका लेखाशीर्षातला पैसा मंजुरी घेऊन दुसऱ्या लेखाशीर्षात वळवणं म्हणजे वर्गीकरण. कायदेशीर आहे, कधी गरजेचंही असतं. पण वर्ष संपत आलं की 'खर्च झालेला नाही' असं म्हणून सामाजिक कामाचा पैसा रस्त्याकडे नेणं सगळ्यात सोपं असतं, कारण रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस दारात उभा असतो आणि तुमचं कुणी नसतं. तरतूद झाली, पेढे वाटले आणि फेब्रुवारीत पैसा निघून गेला, असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून लेखाशीर्ष मिळाल्यावर डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी खर्च किती झाला हे विचारणारी एक आई तुमच्यात ठरलेली असायला हवी. ती दरवर्षी बदला. एकीवर सगळं टाकलं की ती तरी थकते, नाहीतर पुढारी तरी होते, आणि दोन्हीत केंद्राचं नुकसान.

मोर्चाबद्दल. मी मोर्चाच्या विरुद्ध नाही, माझं निम्मं आयुष्य घोषणा देण्यात गेलं. पण मागणी अजून कुणी नाकारलेलीच नाही, तर कशाविरुद्ध चालणार? लेखी मागणी, लेखी नकार किंवा ठरलेली तारीख उलटून गेल्याचा पुरावा, हे हातात असलं की मोर्चा काढा, मीही येईन. एका दिवसाच्या मोर्चासाठी ३४ आयांचे पाच-पाच घरचे खाडे होतात, ती किंमत लहान नाही. ती एकदाच मोजायची असेल तर योग्य दिवशी मोजू, स्थायी समितीत अंदाजपत्रकावर चर्चा असेल त्या दिवशी. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर तारखा तपासा, त्या काळात नवी घोषणा कुणी करू शकत नाही आणि तुमची मेहनत वाया जाते.

आणि तुम्ही एकट्या जाऊ नका. शहराच्या इतर भागांतही अशी केंद्रं आहेत, त्यांचेही पैसे कधी ना कधी थांबतात. त्यांच्याकडे जा आणि हेच लेखाशीर्ष सगळ्यांनी मिळून मागा. 'त्यांचं बंद करा पण आमचं ठेवा' असं बोलण्याची वेळ कुणीतरी तुमच्यावर आणेल, बैठकीतच कदाचित. 'पैसे मर्यादित आहेत, ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र की तुमचं, तुम्हीच सांगा' असं विचारतील. त्याचं उत्तर देऊ नका. तो प्रश्न तुमचा नाही, आणि त्या विरंगुळा केंद्रात तुमच्याचपैकी कुणाच्या तरी सासूबाई बसलेल्या असतील.

मार्चनंतर लगेच पैसे येणार नाहीत हेही आजच धरून चाला. सगळं सुरळीत झालं तरी तरतूद, जाहिरात, करार यात एप्रिल ते ऑगस्ट जाईल. ते पाच महिने म्हणजे ६ लाख ८० हजार रुपये. कंपनीला पत्र लिहून निधी कायमचा चालू ठेवा असं सांगू नका. 'या पाच महिन्यांपुरता द्या, महापालिकेकडे प्रस्ताव गेला आहे' असं लिहा आणि आवक शिक्क्याची प्रत जोडा. थांबण्याची तारीख दिसली की पैसे देणारा पुष्कळदा तेवढा आणखी चालतो.

आता सगळ्यात आधी कोण बोलणार ते ठरवा. तुम्ही लिहिलंय की एकीला छान बोलता येतं आणि दुसरी बोलताना अडखळते, पण तिचाच मुलगा चमचा धरायला शिकला. माझं मत अडखळणारीला आहे. रविवारी दुपारी, कामं उरकल्यावर, सगळ्या जमा आणि तिला मोबाईलचं घड्याळ लावून पाच वेळा म्हणायला लावा. पहिल्या दोन वेळा रडू येईल, येऊ द्या. बैठकीत आलं तरी हरकत नाही, फक्त मागणीचं वाक्य तिला रडता रडताही म्हणता यायला हवं. ते वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या हातात द्या.